सेलू शहर व दुधनेचा जलाशय : स्थान, वस्ती आणि पाण्याचा हिशेब

ज्या शेतकऱ्यास आपल्या जमिनीची चतुःसीमा, विहिरीचें पाणी व घरांतील खाणारीं तोंडें यांचा मेळ ठाऊक नाहीं, त्याचा संसार उधारीवर चालतो, असें आपले वडीलधारे सांगत आले आहेत. जें एका कुटुंबास लागू तेंच एका शहरास. आमचें सेलू गेल्या कांहीं वर्षांत एका मोठ्या जलाशयाच्या शेजारीं नांदणारें शहर झालें आहे. परंतु त्या जलाशयांत पाणी किती मावतें, शहरांत माणसें किती, आणि या दोहोंचें एकमेकांशीं प्रमाण काय, हें विचारलें असतां नेमकें उत्तर देणारा क्वचितच भेटतो. उन्हाळा लागला कीं मात्र मोंढ्यांत व पारावर एकच वाद ऐकूं येतो. शेतकरी म्हणतो, शहरानें आमचें पाणी पळविलें. शहरवासी म्हणतो, कालव्यानें आमचे नळ कोरडे केले. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत आकडे मांडण्यांत गेली. तेव्हां या वादांत कोणाचीही बाजू न घेतां, केवळ भूगोल, खानेसुमारी व पाणी यांचा हिशेब वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

स्थान व भूमि

सेलू हें परभणी जिल्ह्याच्या वायव्य भागांतील तालुक्याचें ठिकाण होय. परभणीपासून तें सुमारें ४५ किलोमीटरांवर असून, मनमाडहून परभणीमार्गें सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर परतूर व मानवत रोड या स्थानकांच्या दरम्यान पडतें. दक्षिणेस पाथरी, ईशान्येस जिंतूर, उत्तरेस मंठा व पश्चिमेच्या अंगास परतूर असे त्याचे शेजार आहेत. यांपैकीं परतूर तालुका पूर्वीं आमच्याच जिल्ह्यांत होता. १ मे १९८१ रोजीं जालना हा नवा जिल्हा झाला तेव्हां तो तिकडे गेला. पुढें १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा निराळा झाला. जुने आंकडे वाचतांना या सीमा बदलल्या आहेत, हें ध्यानीं ठेवणें अवश्य आहे.

हा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीं निजामी राज्यांत सुरू झाला. तो तेव्हां अरुंद रुळांचा होता; आतां रुंद झाला आहे. कापसाच्या गांठी बैलगाडीनें दूर नेण्याचें संकट त्यानें टळलें, आणि मार्गावरील परतूर, सेलू, मानवत या गांवांतून कापसाचे बाजार वाढले. काळी जमीन, कापूस व आगगाडी या तिघांनीं मिळून आमच्या शहराचा मोंढा उभा केला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

येथील भूमि दख्खनच्या काळ्या पाषाणाची आहे. वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, त्याखालीं खडक, असा सर्वसाधारण थर लागतो. काळी माती पाणी पुष्कळ धरते, परंतु तें सहजासहजीं खालीं सोडीत नाहीं. ओली झाली कीं फुगते व वाळली कीं भेगाळते. यामुळें खडकांतील विहिरींस पाणी मर्यादितच असतें. पाऊस सरासरीनें आठशे ते नऊशे मिलिमीटर पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येऊन जातो. सरासरी वाईट नाहीं. वाईट आहे तो तिचा लहरीपणा. चार महिन्यांत मिळालेलें पाणी उरलेल्या आठ महिन्यांस पुरवावयाचें, हाच या प्रदेशाचा मूळ प्रश्न होय.

नदी व जलाशय

दुधना ही पश्चिमेकडील डोंगराळ भागांत उगम पावून जालना जिल्ह्यांतून आपल्याकडे येते. जालना शहर ज्या कुंडलिकेच्या कांठीं वसलें आहे, ती कुंडलिका दुधनेसच मिळते. दुधना सेलूच्या उत्तरेकडून पुढें जाऊन परभणी जिल्ह्यांत पूर्णेस मिळते, आणि पूर्णा गोदावरीस. म्हणजे आमच्या नदीचें पाणी आमच्यापुरतें नाहीं. त्याचे वाटेकरी वरही आहेत व खालींही आहेत.

या नदीवर सेलूच्या जवळ, ब्रह्मवाकडी गांवानजीक, निम्न दुधना प्रकल्पाचें मातीचें धरण आहे. त्यास १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मान्यता मिळाली. परंतु काम इतकें रेंगाळलें कीं, २०१६ सालीं केंद्र सरकारनें देशांतील अपुरे राहिलेले ९९ सिंचन प्रकल्प अग्रक्रमानें पुरे करण्याकरितां निवडले, त्यांत याचाही समावेश करावा लागला. धरणाचा एकंदर साठा सुमारें ३४४.८ दशलक्ष घनमीटर असून त्यांतील उपयुक्त साठा २४२.२ दशलक्ष घनमीटर आहे. उरलेला सुमारें १०२.६ दशलक्ष घनमीटर हा मृत साठा होय.

येथें दोन शब्द उलगडून सांगणें बरें. एक दशलक्ष घनमीटर म्हणजे शंभर कोटी लिटर. उपयुक्त साठा म्हणजे कालव्याच्या दारांतून आपोआप बाहेर येऊं शकणारें पाणी. त्या पातळीखालीं जें राहतें तें मृत साठ्याचें. नांव मृत असलें तरी तें पाणी निरुपयोगी नव्हे. तें कालव्यास मिळत नाहीं, परंतु उपसून पिण्यास घेतां येतें, आणि दुष्काळांत तोच शेवटचा आधार असतो. एकंदर साठ्याचा आंकडा पाहून जो कालव्याच्या पाण्याचे मनोरथ रचील, त्याची फसगत होईल.

तुलनेकरितां शेजारचे दोन जलाशय घेऊं. पैठणच्या जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारें २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे आमच्या जवळजवळ नऊपट आहे. त्याचा डावा कालवा पाथरी, मानवत, परभणी या बाजूस पाणी देतो. जिंतूर तालुक्यांतील पूर्णेवरच्या येलदरीचा उपयुक्त साठा सुमारें ८१० दशलक्ष घनमीटर, म्हणजे सव्वातीनपटींहून अधिक. यावरून आमचा जलाशय लहान नव्हे, पण वाटेल तसा खर्चावा इतका मोठाही नव्हे, हें ध्यानांत येईल.

ज्यांचीं शेतें तळाशीं गेलीं

जलाशयाचा भूगोल सांगतांना त्याच्या तळाचा भूगोल वगळणें न्यायाचें होणार नाहीं. सेलू, परतूर व मंठा या तालुक्यांतील कांहीं गांवांच्या जमिनी या पाण्याखालीं गेल्या. नदीकांठची जमीन म्हणजे त्या त्या गांवची सर्वांत कसदार जमीन. तीच प्रथम बुडाली.

मी नोकरींत असतां एके दिवशीं एक वृद्ध गृहस्थ सात-बाराचा जुना उतारा मागण्यास आले. गट क्रमांक पाहतांच मीं म्हटलें, "बाबा, ही जमीन तर संपादनांत गेली. आतां तेथें पाणी आहे." ते म्हणाले, "पाणी हाय ते मला ठावं हाय, भाऊसाहेब. मीच ते भरतांना पाहिलं. पन कागदावर माज्या बापाचं नाव कसं लिहिलंय, तेवढं एकदा बघूं द्या." मीं जुनें पान उघडून दाखविलें. त्यांना वाचतां येत नव्हतें. त्यांनीं नांवावरून बोट फिरविलें, नक्कल मागितली नाहीं, आणि ते निघून गेले. पुढें कोणी 'आमच्या धरणाचें पाणी' असें म्हणूं लागला कीं मला तें बोट आठवतें. या पाण्यावर पहिला नैतिक हक्क कोणाचा, हें विसरून केलेला कोणताही हिशेब अपुरा राहील.

यास अनुलक्षून एक व्यावहारिक गोष्ट सांगतों. पाणी ओसरूं लागलें कीं बुडीत क्षेत्राच्या कांठची गाळाची जमीन उघडी पडते. तिला आपण गाळपेर म्हणतों. ओल व कस दोन्ही असल्यामुळें हरभरा, ज्वारी, भाजीपाला हीं पिकें तेथें थोडक्या खर्चांत येतात. अशी जमीन एका हंगामाच्या करारानें लागवडीस देण्याची पद्धति असून तींत प्रकल्पग्रस्तांस अग्रक्रम आहे. हा अग्रक्रम कागदावर न राहतां प्रत्यक्ष मिळतो कीं नाहीं, इकडे आपल्या संघासारख्या संस्थांनीं लक्ष पुरविलें पाहिजे.

वस्ती

आतां माणसांकडे वळूं. २०११ च्या जनगणनेंत सेलू शहराची लोकसंख्या सुमारें ४७ हजार भरली. त्याच गणनेंत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. दर चौरस किलोमीटरास सुमारें २९५ माणसें पडलीं. शंभरांत सुमारें ३१ लोक शहरांत व ६९ लोक खेड्यांत राहत होते. एकट्या परभणी शहरांत ३,०७,१७० माणसें मोजलीं गेलीं.

वस्तीची वाढ ही सरळ रेषेनें होत नाहीं, हेंही आमच्या जिल्ह्यानें अनुभविलें आहे. १८९१ सालीं परभणी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें आठ लाख होती. १९०१ सालीं ती सुमारें साडेसहा लाखांवर आली. मध्यंतरीं १८९९-१९०० चा दुष्काळ येऊन गेला होता. दहा वर्षांत सुमारें दीड लाखाची ही तूट म्हणजे केवळ मृत्यू नव्हेत. तींत घरें सोडून गेलेलेही आले. परंतु पाणी व धान्य संपलें कीं गांव कसा रिकामा होतो, याचा तो लेखी पुरावा आहे. आज दुष्काळांत माणसें तशीं मरत नाहींत, हें खरें. तरी तीं पुण्या-मुंबईकडे जातात, अगर जवळच्या शहरांत येऊन राहतात. म्हणून खेड्यांतील विहीर आटली कीं सेलूच्या नळावरची रांग वाढते. शहराची तहान व शेताची तहान या दोन निराळ्या गोष्टी नव्हेत.

येथें एक अडचण आहे. २०२१ सालीं व्हावयाची जनगणना झाली नाहीं. पुढील गणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ ठरविण्यांत आला आहे. तिचे आंकडे हातीं येईपर्यंत आपण २०११ च्या मापानेंच अंगरखा शिवीत आहों. शिवाय प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीच्या सुमारास होते, आणि त्या वेळीं आमच्या जिल्ह्यांतील ऊसतोडीस गेलेलीं अनेक कुटुंबें परमुलखांत फडावर असतात. मोजणीच्या संपूर्ण काळांत जो मनुष्य घरीं नसतो, तो जेथें असेल तेथें मोजला जातो. अर्थात् अशा गांवची लोकसंख्या कागदावर कमी दिसते. उन्हाळ्यांत तेंच कुटुंब परत येऊन पाणी मागतें तेव्हां तें हिशेबांत नसतें. टंचाईचे आराखडे करणाऱ्यांनीं हा फरक ध्यानीं धरला पाहिजे.

हिशेब

मलनिःसारणाची सोय असलेल्या शहराकरितां दर माणशीं रोज १३५ लिटर पाणी, असें सरकारी मान आहे. हेंच मान सेलूस लावूं. ४७ हजार माणसांस रोज ६३ लाख ४५ हजार लिटर, म्हणजे वर्षास सुमारें २.३ दशलक्ष घनमीटर पाणी लागेल. वस्ती आज ६० हजार झाली आहे असें क्षणभर धरलें, तरी हा आंकडा तीनच्या आंतच राहतो. २४२ च्या उपयुक्त साठ्याशीं ताडून पाहतां हें प्रमाण शेंकडा एक ते सव्वा पडतें. ग्रामीण भागांत दर माणशीं ५५ लिटर या मानानें एक लाख वस्तीस वर्षाला दोन दशलक्ष घनमीटर लागतात. परभणीएवढ्या शहराचा सारा भार या जलाशयावर पडला, असें धरलें तरी तो सुमारें पंधरा दशलक्ष घनमीटर होईल. मात्र तें पाणी नदीच्या पात्रांतून सोडलें तर वाळूंत व वाटेंत मुरण्यापायीं याहून पुष्कळ अधिक सोडावें लागतें, हें विसरतां कामा नये.

आतां दुसरी बाजू. प्रकल्पाचें सिंचनक्षेत्र सुमारें ४४ हजार हेक्टर ठरविलेलें आहे. २४२ दशलक्ष घनमीटर पाणी त्यावर सारखें पसरलें, तर दर हेक्टरास सुमारें साडेपांच हजार घनमीटर येतें. तेंही धरण पूर्ण भरल्यास, आणि मध्यें एक थेंबही न गमावल्यास. उसास मोकाट पाणी दिल्यास हेक्टरीं वीस हजार घनमीटरांच्या आसपास लागतें. म्हणजे सुमारें ११६ हेक्टर ऊस जेवढें पाणी घेतो, तेवढ्यांत ४७ हजारांचें शहर वर्षभर राहतें. रब्बी ज्वारीस अगर हरभऱ्यास दोन बेताच्या पाळ्या दिल्यास हेक्टरीं दीड हजार घनमीटरांत काम भागतें. त्याच पाण्यांत पंधराशें हेक्टर रब्बी निघते. उसाची निंदा करण्याचा हेतु नाहीं. ज्यास त्यांतून चार पैसे दिसतात त्यानें तो कां न करावा? परंतु ठिबकानें पाण्याची एक तृतीयांश ते निम्मी बचत होऊं शकते, आणि ती न करणें हा शेजाऱ्याच्या रब्बीवरील बोजा आहे, एवढें तरी मानलें पाहिजे.

तिसरा वाटेकरी कोणाच्या वादांत कधींच येत नाहीं, आणि तोच मोठा आहे. तो म्हणजे सूर्य. आमच्या प्रदेशांत उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड ते दोन मीटर उंचीचें पाणी वाफ होऊन जातें. जलाशयाच्या एका हेक्टरावरून ही हानि पंधरा ते वीस हजार घनमीटर होते. इतक्यांत तीनशें ते चारशें माणसांची वर्षाची गरज भागावी. भरलेल्या जलाशयाचा पृष्ठभाग कित्येक हजार हेक्टरांचा असतो. दर हजार हेक्टरांमागें पंधरा ते वीस दशलक्ष घनमीटर, असा हा न दिसणारा खर्च आहे. शेतकरी व शहरवासी एकमेकांकडे बोट दाखवीत असतां त्या दोघांच्या देखत पाणी आभाळांत जातें.

सुकाळीं हा हिशेब शहरास व शेतास दोघांसही पुरवणारा आहे. दुष्काळांत मात्र तो पालटतो. उपयुक्त साठा दहांत एक भाग, म्हणजे २४ दशलक्ष घनमीटर एवढाच उरला आहे, असें समजा. तेव्हां शहराचे तेच सव्वादोन साठ्याचा जवळजवळ दशांश होऊन बसतात. खालच्या शहरांचीं मागणीपत्रें येतात. आणि तळाशीं मृत साठा असल्यामुळें पाण्याचा पृष्ठभाग मोठाच राहून वाफेची हानि थांबत नाहीं. अशा वर्षीं कालवा बंद ठेवणें हा अन्याय नसून अपरिहार्यता असते. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. ती पाळी सेलूवर येऊं नये, अशी इच्छा शेतकऱ्यानेंही केली पाहिजे; कारण त्याचीं मुलें तेथेंच शिकतात, त्याचा कापूस तेथेंच विकतो, व दुखणें आल्यास तो तेथेंच जातो.

कर्तव्य काय

वरील हिशेबावरून चार गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली ही कीं, १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून पुढील वर्षाचें नियोजन होतें, त्याच वेळीं पुढील पावसाळ्यापर्यंतचें पिण्याचें पाणी वाफेच्या हानीसह बाजूस काढून तो आंकडा जाहीर व्हावा. राज्याच्या २००३ सालच्या जलनीतींत पिण्याचें पाणी पहिलें मानलें आहे, आणि शेतीस २०११ सालीं कारखान्यांच्या पुढें, दुसरें स्थान मिळालें आहे. शहराचा वाटा आधीं ठरला म्हणजे रब्बीस किती पाळ्या मिळतील हें पेरणीपूर्वीं कळेल. पेरणीनंतर पाळी रद्द होणें यापरतें नुकसान नाहीं.

दुसरी, पाणी वाफ होऊन जाण्यापूर्वीं रब्बीस वापरणें हें उन्हाळी पिकाकरितां राखून ठेवण्याहून सामान्यतः अधिक फायद्याचें आहे. ज्वारी, हरभरा, करडई हीं पिकें थंडीच्या दिवसांत थोडक्या पाण्यावर येतात. शहराचा वाटा राखून उरलेलें पाणी थंडीत शेतांत जावें, हें धोरण दोघांच्याही हिताचें होय.

तिसरी, २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानें शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांस मोजून पाणी घेण्याचा हक्क दिला आहे. मोजून घेतलेलें पाणी मोजूनच वापरलें जातें. चाऱ्या फुटक्या राहिल्या तर शेवटच्या शेतकऱ्यास कोरड व मधल्यास चिबड, असा दुहेरी तोटा होतो. काळ्या जमिनींत चिबड एकदां धरली कीं ती काढण्यास वर्षें लागतात. म्हणून चारीची दुरुस्ती हें आपलें काम समजावें. उन्हाळ्यांत उघडा पडणारा गाळ हलक्या जमिनींत नेऊन टाकावा. त्यानें जमीन सुधारते व जलाशयाची पोकळीही राहते.

चौथी, येत्या जनगणनेंत आपल्या घरांतील, आखाड्यावरील व कामावरील प्रत्येक माणसाची नोंद बिनचूक करून द्यावी. पुष्कळ लोक ही मोजणी म्हणजे सरकारची चौकशी समजून आंकडे चोरतात. महसुलाच्या नोकरींत मीं हें अनेकदां पाहिलें. परंतु पाणी, धान्य, शाळा व दवाखाना हीं सारीं माथ्यांच्या मोजणीवरच वांटलीं जातात. जो मोजला गेला नाहीं त्याच्या घागरीचा हिशेब कोणी धरीत नाहीं.

सारांश, दुधनेच्या जलाशयांत सेलूची तहान ही शेंकडा एक आहे. शेतानें एवढें पाणी मोकळ्या मनानें द्यावें, आणि शहरानेंही तें कोणाच्या बुडालेल्या शेतावर उभें आहे, हें स्मरून सांडूं नये. आपल्या संघानें दर वर्षीं ऑक्टोबरांत साठा, वस्ती व पाळ्या यांचा एक तक्ता करून या मासिकांत छापावा, अशी माझी विनंती आहे. आंकडे मांडण्याचें काम मजकडे सोंपविल्यास मी तें आनंदानें करीन.